जुना व्हॉल्व्हचा हॅम सेट आणि नवा लॅपटॉप: डिजिटल मोडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केनवुड टीएस-५२०एस, याएसू एफटी-१०१ई, हीथकिट, ड्रेक असे १९७० च्या दशकातले संच आजही कित्येक हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींच्या टेबलावर आहेत, आणि त्याहून जास्त माळ्यावर आहेत. त्यांच्यावर एफटी८ (संगणकाने सुरांतून छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) चालतं का, ही विचारणा नेहमी होते. चालतं, आणि चांगलं चालतं. खालची उदाहरणं बहुतेक टीएस-५२०एसची आहेत, कारण माझ्याकडे तोच आहे. एफटी-१०१ जिथे वेगळा वागतो तिथे तसं सांगितलं आहे.

माझ्या संचाला यूएसबी नाही, कॅट (संगणकाने संच चालवायची सोय) नाही. मग संगणकाला जोडायचं तरी काय?

तीन गोष्टी. संचातून येणारा आवाज संगणकात, संगणकातून येणारा आवाज संचात, आणि पीटीटी (संचाला प्रसारणावर नेणारी कळ). बस.

एफटी८ चा संदेश म्हणजे एकापाठोपाठ वाजणारे आठ प्रकारचे सूर. दोन सुरांत अंतर ६.२५ हर्ट्झ, सगळ्यांची मिळून रुंदी ५० हर्ट्झ. एसएसबी (एका साइडबँडवर बोलणं पाठवणारा) संच माइकमधून आलेला सूर जसाच्या तसा उचलून आरएफवर, म्हणजे रेडिओ लहरींवर, नेऊन ठेवतो. तो सूर माणसाच्या गळ्यातून आला की लॅपटॉपमधून, हे संचाला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. संगणकाने डायल फिरवणं ही सोय आहे, अट नाही. डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८ च्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये रिगच्या जागी ‘नन’ निवडा, बँड हाताने निवडा, डायल हाताने फिरवा.

कोणता जुना संच यासाठी निरुपयोगी?

फक्त एएम किंवा फक्त मोर्सचा ट्रान्समीटर. रिसीव्हर आणि ट्रान्समीटर वेगवेगळे असतील आणि दोघांना एकच व्हीएफओ (फ्रीक्वेन्सी ठरवणारा ऑसिलेटर) चालवत नसेल, तर काम होतं पण डोकं खातं. एसएसबी ट्रान्सीव्हर असेल तर निर्धास्त पुढे जा.

संच वीस-पंचवीस वर्षं बंद होता. लगेच प्लग लावू का?

नको. आधी मागची व्होल्टेजची मांडणी बघा. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेले संच बऱ्याचदा १२० व्होल्टवर बांधलेले असतात. ट्रान्सफॉर्मरला २२० चा टॅप असतो, पण जोडणी बदलावी लागते. ती न बदलता २३० व्होल्ट दिले तर पुढचे प्रश्न वाचायची गरज उरणार नाही.

मग हीटरचा स्विच बंद ठेवून सिरीज बल्ब लावून संच चालू करा. ६० किंवा १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब हवा, एलईडी नको. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटूनच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, बहुतेक एखाद्या म्हाताऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये. टीएस-५२० मध्ये फायनल (शेवटच्या, ताकद देणाऱ्या) व्हॉल्व्हच्या प्लेटवर ८०० व्होल्टच्या आसपास दाब असतो, एफटी-१०१ मध्ये ६०० च्या. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही वेळ राहतो. झाकण उघडायचं असेल तर ज्याने व्हॉल्व्हची कामं केली आहेत अशा माणसाला शेजारी बसवा. यात संकोच करू नका.

या दोन्ही संचांत रिसीव्हर ट्रान्झिस्टरचा आहे. व्हॉल्व्ह फक्त तीन: एक १२बीवाय७ए ड्रायव्हर आणि दोन फायनल. म्हणून हीटर बंद ठेवूनही सगळं ऐकता येतं. पहिले काही दिवस असंच चालवा, नुसतं डीकोड करा (आलेले संदेश वाचा). हवेत जायची घाई नसावी.

परवाना वेगळा लागतो का?

हॅमचा परवाना लागतोच. तो दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून परीक्षा देऊन मिळतो. डिजिटल मोडसाठी वेगळा कागद नाही, पण तुमच्या परवान्याच्या श्रेणीला कोणते बँड, किती वॉट आणि कोणत्या प्रकारचं प्रसारण दिलं आहे ते वाचून घ्या. भारतात ४० मीटरचा बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे एफटी८ चं ७.०७४ त्यात नीट बसतं.

संचातून आवाज कुठून घ्यायचा?

मागच्या बाजूला ‘फोन पॅच आउट’ किंवा नुसतं ‘पॅच’ असं लिहिलेला आरसीए जॅक शोधा. पूर्वी अमेरिकेत हॅम लोक टेलिफोनची लाइन संचाला जोडून देत, त्यासाठी तो दिलेला असे. आज तोच आपल्या कामाला येतो. काही संचांत तिथला आवाज व्हॉल्यूमच्या नॉबप्रमाणे कमीजास्त होतो, काहींत होत नाही. एकदा नॉब फिरवून बघून ठेवा.

जॅक नसेल तर हेडफोन किंवा स्पीकरच्या जॅकवरून घ्या. मात्र स्पीकरचा आवाज यूएसबी साउंड कार्डाच्या माइक जॅकला फार जड होतो. मध्ये १० किलोओहमचा प्रीसेट टाका. शिवाय स्वस्तातल्या कार्डांच्या माइक जॅकवर कंडेन्सर माइकसाठी थोडा डीसी दाब दिलेला असतो. तो पुढे सांगितलेल्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधून वाहू नये म्हणून ओळीत १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला. दोन रुपयांच्या या कपॅसिटरकडे दुर्लक्ष करणारे पुढे ‘ट्रान्सफॉर्मर आवाज बिघडवतो’ म्हणून तक्रार करतात.

लॅपटॉपमधलंच साउंड कार्ड वापरलं तर?

वापरू नका. आजच्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइक मिळून एकच जॅक असतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपची टुणटुण, व्हिडिओचा आवाज, सगळं त्याच वाटेने बाहेर पडतं. म्हणजे तुमच्या कॉलसाइनखाली ते १४.०७४ मेगाहर्ट्झ या एफटी८ च्या जागेवर जाणार. यूएसबीचं छोटं वेगळं कार्ड घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतं, ऑनलाइन तर मिळतंच. ते फक्त रेडिओसाठी राखा आणि संगणकाचं नेहमीचं आवाजाचं उपकरण म्हणून निवडू नका. विंडोजमध्ये त्याच्या गुणधर्मांत जाऊन सगळी ‘एन्हान्समेंट’ बंद करा, माइकचा आपोआप वाढणारा गेन बंद करा आणि दर ४८००० हर्ट्झ, १६ बिट ठेवा.

संगणकाचा आवाज संचात कसा सोडायचा?

‘पॅच इन’ असेल तर तिथून, नाहीतर पुढच्या माइक सॉकेटमधून. जुन्या जपानी संचांना ५० किलोओहमच्या आसपासच्या माइकची सवय असते आणि त्यांना काही मिलिव्होल्टच पुरतात. साउंड कार्ड मात्र एक व्होल्टच्या घरात देतं. म्हणून मध्ये रेझिस्टरची जोडी: १०० किलोओहम ओळीत, १ किलोओहम ग्राउंडला. आवाज शंभरावा हिस्सा होतो. पॅच इनची पातळी संचागणिक बदलते, तेव्हा आधी मॅन्युअल बघा.

हे दोन रेझिस्टर संचाच्या बाजूच्या प्लगमध्येच सोल्डर करा, संगणकाच्या बाजूला नव्हे. मग लांब केबलमधून मोठा सिग्नल जातो आणि वाटेत शिरलेला गोंगाटही शेवटी शंभरावा होतो. केबल शिल्डेड हवी. पॅच इन वापरत असाल तर पुढचा माइक काढून ठेवा. नाहीतर खोलीतला पंखा, कुकरच्या शिट्ट्या आणि घरातले संवाद एफटी८ सोबत दूरवर पोचतात.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर खरंच लागतो? मी थेट जोडलं तर चाललं.

चाललं असेल, पण कोणत्या दिवशी बंद पडेल ते सांगता येत नाही. संचाचं चासी अर्थिंगला, लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या सॉकेटमधून, अँटेनाच्या कोअ‍ॅक्सचं शिल्ड तिसरीकडे. या सगळ्यांतून ऑडिओ केबलच्या शिल्डवरून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि वॉटरफॉलवर (आलेल्या सुरांच्या पडद्यावरच्या चित्रावर) डावीकडे समांतर उभ्या रेषा दिसतात. ६००:६०० ओहमचे एकास एक असे दोन छोटे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, एक येताना, एक जाताना. प्लास्टिकच्या डबीत बसवा किंवा धातूच्या, पण दोन्ही बाजूंची ग्राउंड एकमेकांना चिकटू देऊ नका. डबी सुंदर दिसावी म्हणून धातूच्या पॅनलवर दोन्हीकडचे जॅक कसले, की ट्रान्सफॉर्मर असून नसल्यासारखा. ही गंमत बरेचदा पाहिली आहे.

पीटीटी कशाने दाबायची?

यूएसबीतून सीरियल पोर्ट तयार करणारं पिटुकलं कार्ड, आणि त्याची आरटीएस ही पिन. डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये पीटीटीच्या जागी आरटीएस आणि योग्य कॉम पोर्ट निवडायचा.

त्याआधी मल्टिमीटर हातात घ्या. संचाच्या पीटीटी पिनवर चासीच्या तुलनेत किती व्होल्ट आहेत, धन की ऋण, आणि पिन ग्राउंड केल्यावर किती मिलिअँपिअर वाहतात, हे मोजा. बऱ्याच जुन्या संचांत पीटीटीची वायर सरळ रिलेच्या कॉइलला जाते. १२ व्होल्ट आणि थोडा प्रवाह असेल तर साधा ऑप्टोकपलर पुरतो. पण पीसी८१७ सारखा ऑप्टो ५० मिलिअँपिअरच्या पुढे सोसत नाही, आणि काही अमेरिकन संचांत तिथे ऋण दाब असतो. शंका असेल तर छोटा रिले वापरा. रिलेच्या कॉन्टॅक्टला धन-ऋण काही नसतं.

अर्डुइनोसाठी मिळणारं निळ्या रिलेचं ५ व्होल्टचं मॉड्यूल इथे फार सोयीचं पडतं. सीएच३४० किंवा एफटी२३२ च्या उघड्या टीटीएल कार्डावर आरटीएस उलटी चालते: सॉफ्टवेअरने ‘चालू’ म्हटलं की पिन शून्यावर येते. त्या निळ्या मॉड्यूललाही चालू व्हायला इनपुट शून्यावर यावं लागतं. दोघांचं जमतं, मध्ये काही लागत नाही. नऊ पिनांचा खरा आरएस-२३२ अ‍ॅडॉप्टर असेल तर हिशोब सुलट होतो. तिथे ऑप्टोच्या एलईडीला १ किलोओहम ओळीत आणि एक १एन४१४८ डायोड उलटा समांतर लावा, कारण पिन ऋण दाबावरही जाते.

संगणक सुरू होताना किंवा कार्ड खोचताना आरटीएस काही क्षण मनमानी करते आणि रिले टकटकतो. म्हणून आधी संगणक, मग सॉफ्टवेअर, आणि सगळ्यात शेवटी संचाचा हीटर. बंद करताना उलट्या क्रमाने.

व्हॉक्सने (आवाज आला की आपोआप प्रसारण) भागवता येईल का?

येईल. एक रिले आणि एक केबल वाचते. पण व्हॉक्सला काय वाजतंय याचं सोयरसुतक नसतं. शिवाय डिले कमी ठेवावा लागतो, नाहीतर पुढच्या फेरीचे सुरुवातीचे सूर ऐकायचे राहून जातात. माझं मत: पहिल्या संध्याकाळी व्हॉक्स, दुसऱ्या दिवशी पीटीटी.

तयार डबी घेऊ की घरी बनवू?

सिग्नालिंक यूएसबी किंवा डिजिरिग घेतलं तर कार्ड, पीटीटी आणि बरीचशी जुळवाजुळव एकाच डबीत येते. सिग्नालिंकमध्ये स्वतःचंच व्हॉक्स असल्याने सीरियल पोर्टही लागत नाही. पण भारतात ती मागवताना डबीइतकाच विचार टपाल आणि जकातीचा करावा लागतो. ज्याला चार-पिनी माइक प्लग सोल्डर करता येतो त्याने घरीच बनवावी. ज्याला येत नाही त्याला तयार डबी घेऊनही तो प्लग करावाच लागतो.

डायलवर फक्त १ किलोहर्ट्झच्या खुणा आहेत. बरोबर १४.०७४ वर कसं बसायचं?

हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण उत्तर संचातच दडलेलं आहे. टीएस-५२० मध्ये २५ किलोहर्ट्झचा कॅलिब्रेटर असतो. तो चालू केला की दर २५ किलोहर्ट्झला एक बारीक शिट्टी ऐकू येते. १४.०७५ हा २५ च्या पटीतला आकडा आहे. ७.०७५ पण, २१.०७५ पण, २८.०७५ पण. म्हणजे चारही मोठ्या बँडवर एफटी८ ची जागा शिट्टीच्या बरोबर १ किलोहर्ट्झ खाली येते.

तेव्हा अप्पर साइडबँड लावा, कॅलिब्रेटर चालू करा, डायल १४.०७४ च्या आसपास आणा आणि वॉटरफॉलकडे बघा. शिट्टीची रेष १००० हर्ट्झवर उभी राहीपर्यंत व्हीएफओ हलकेच फिरवा. झालं. डायलची काच काय म्हणते, कॅरिअर ऑसिलेटर किती सरकलाय, याच्याशी देणंघेणं नाही, कारण तुम्ही शेवटी बाहेर पडणारा सूरच मोजताय. अशी अचूकता साध्या डायलवर डोळ्यांनी येणं शक्य नाही. मग कॅलिब्रेटर बंद करायला विसरू नका.

कॅलिब्रेटर स्वतः खरा आहे का? संचावर वेळदर्शक केंद्रासाठी डब्ल्यूडब्ल्यूव्ही लिहिलेली बँडची जागा असते. अमेरिकेचं ते केंद्र आपल्याकडे क्वचितच लागतं, पण चीनचं बीपीएम १० आणि १५ मेगाहर्ट्झवर लागतं. त्याच्या कॅरिअरशी कॅलिब्रेटरची शिट्टी जुळेपर्यंत ट्रिमर फिरवा.

एक आणखी. टीएस-५२० चा आरआयटी आणि एफटी-१०१ चा क्लॅरिफायर बंदच ठेवा. तो चालू राहिला तर तुम्ही ऐकता एका जागी आणि बोलता दुसऱ्या, आणि समोरचा उत्तर का देत नाही ते कळत नाही.

जुना व्हीएफओ सरकतो. एफटी८ ला ते चालतं?

आकडे मांडून बघू. टीएस-५२० च्या मॅन्युअलप्रमाणे पहिल्या तासात संच १ किलोहर्ट्झपर्यंत सरकू शकतो. तो तापून स्थिरावला की अर्ध्या तासात १०० हर्ट्झच्या आत. म्हणजे मिनिटाला साधारण ३.३ हर्ट्झ. एफटी८ चं एक प्रसारण १२.६४ सेकंदांचं असतं, तेवढ्यात सरकणं होतं ०.७ हर्ट्झ. सुरांमधलं अंतर ६.२५. कुठेच अडत नाही.

आता डब्ल्यूएसपीआर (अतिक्षीण सिग्नलची संथ पद्धत) बघा. एक प्रसारण ११०.६ सेकंद, आणि सगळ्या सिग्नलची रुंदीच जेमतेम ६ हर्ट्झ. तेवढ्या वेळात आपला व्हीएफओ साधारण तितकाच सरकतो. म्हणून व्हॉल्व्हच्या संचावर डब्ल्यूएसपीआरचा नाद सोडा. आरटीटीवायमध्ये (रेडिओ टेलिटाइप) १७० हर्ट्झची उडी असते, तिथे थोडं सरकणं कुणाच्या लक्षातही येत नाही. पीएसके३१ ही टंकून गप्पांची पद्धत मध्यम आहे: समोरच्याचं सॉफ्टवेअर थोडंफार पाठलाग करतं.

व्हीएफओ ट्रान्झिस्टरचा असला तरी शेजारी व्हॉल्व्ह तापलेले असतात आणि पेटीचं तापमान तेच ठरवतात. म्हणून हीटरसकट एक तास आधी चालू करा. छताच्या पंख्याचा झोत थेट संचावर येत असेल तर त्याची दिशा किंवा संचाची जागा बदला. वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर वॉटरफॉलवरच्या रेषा नागमोडी झालेल्या दिसतात, मग लोक व्हीएफओचे कपॅसिटर बदलत बसतात.

किती वॉटवर चालवू? मॅन्युअलमध्ये तर १६० वॉट लिहिलंय.

ते इनपुट आहे, आणि बोलण्यासाठीचं आहे. माणूस बोलताना मध्ये थांबतो, श्वास घेतो, शब्द कमीजास्त दाबतो. एफटी८ मध्ये १२.६४ सेकंद सूर सलग पूर्ण ताकदीने वाजतो, मग ऐकायची फेरी, मग पुन्हा. दर अर्ध्या मिनिटात सुमारे ४२ टक्के वेळ व्हॉल्व्ह पूर्ण राबतात. ३० ते ४० वॉट आउटपुट ही मर्यादा धरा.

पण इथे एक मेख आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. पूर्ण ड्राइव्हवर १६० वॉटपैकी शंभराच्या आसपास अँटेनाकडे जातात आणि उरलेले साठेक वॉट दोन व्हॉल्व्हच्या प्लेटवर उष्णता म्हणून राहतात. तुम्ही नुसता आवाजाचा स्लायडर ओढून आउटपुट ४० वर आणलं, तर इनपुट त्या प्रमाणात उतरत नाही. ते शंभराच्या आसपास रेंगाळतं. म्हणजे प्लेटवरची उष्णता जवळपास तितकीच! अँटेनाला कमी देऊनही व्हॉल्व्हची सुटका झाली नाही.

उपाय असा: ड्राइव्ह आधी कमी करा आणि मग त्या कमी ताकदीवरच ‘प्लेट’ आणि ‘लोड’चे नॉब पुन्हा लावा, प्लेटचा डिप (प्लेट करंटची नीचांकी जागा) आणि आउटपुटची कमाल जुळवून. तेवढंच आउटपुट आता कमी प्लेट करंटमध्ये मिळतं. मात्र असं लावलेल्या संचावर परत बोलायला जाताना पूर्ण ट्यूनिंग नव्याने करायचं, नाहीतर आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रीक्वेन्सीवरची मंडळी वैतागतात.

ट्यून करताना सलग दहा सेकंदांच्या पुढे जाऊ नका, मध्ये तेवढीच विश्रांती द्या, आणि शक्यतो डमी लोडवर (अँटेनाऐवजी ताकद जिरवणाऱ्या रेझिस्टरवर) करा. टीएस-५२० चे फायनल एस२००१ए हे ६१४६बी च्या घरातले, बऱ्यापैकी सोशिक. एफटी-१०१ चे ६जेएस६सी मुळात टीव्हीच्या स्वीप सर्किटसाठी बनवलेले. ते क्षणभर पुष्कळ देतात पण सलग राबायला नाजूक. त्यांना २५ ते ३० वॉटच बरे. बदलायची वेळ आली तर दुसऱ्या कंपनीचे घालून भागत नाही, न्यूट्रलायझेशन (व्हॉल्व्ह आपोआप दोलायला लागू नये म्हणूनची जुळणी) नव्याने करावं लागतं. झाकणाच्या जाळीतून अंधारात बघा: प्लेट लालसर दिसली तर लगेच थांबा. मागच्या बाजूला ८० मिलिमीटरचा संगणकातला पंखा कमी दाबावर फिरवला तर फार फरक पडतो.

३० वॉटनी काय होणार, असं विचारणाऱ्यांना एवढंच: एफटी८ गोंगाटाच्या २० डेसिबल खालूनही वाचलं जातं. २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँकी यांनी हा मोड आणला तो क्षीण सिग्नलसाठीच. टेलर हे १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते. ज्यांनी दूरच्या पल्सारचे ठोके मोजले, त्यांच्यापुढे चेंबूरच्या गच्चीवरचा डायपोल फार अवघड नाही.

माइक गेन आणि एएलसी कुठे ठेवू?

मीटरचा स्विच एएलसीवर (ड्राइव्ह जास्त झाला की तो आपोआप आवरणारं सर्किट) ठेवा. संगणकाचा आवाज वाढवत न्या, सुई हलू लागली की थोडं मागे या. डिजिटलमध्ये एएलसी हलणं म्हणजे सूर चेपला जाणं. एफटी-१०१ई चा स्पीच प्रोसेसर बंद, नॉइज ब्लँकर बंद. ऐकताना डब्ल्यूएसजेटी-एक्सचा डावीकडचा पट्टा शांत बँडवर ३० डेसिबलच्या आसपास आणा.

माझा एकच सिग्नल लोकांना दोन-तीन जागी दिसतो म्हणे. का?

ऑडिओचे हार्मोनिक. तुम्ही ६०० हर्ट्झवर सूर सोडला आणि साउंड कार्ड किंवा माइक अँप थोडंसं जरी विद्रूप करत असेल, तर १२०० आणि १८०० वरही तुमची सावली उठते आणि संच ती इमानाने प्रसारित करतो. आधुनिक संचांत सॉफ्टवेअर कॅटमधून डायल सरकवून हे टाळतं. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून प्रसारणाची जागा नेहमी १५०० हर्ट्झच्या वर निवडा. १५०० ची दुप्पट ३०००. संचाचा २.४ किलोहर्ट्झचा एसएसबी फिल्टर तिला दारातच अडवतो. जुन्या काळच्या त्या क्रिस्टल फिल्टरचा हा फुकटचा फायदा आहे.

डायलच्या जागी कायमची एक बारीक रेष जात असेल तर तो कॅरिअर (पूर्ण न दाबली गेलेली मूळ रेडिओ लहर). बॅलन्स्ड मॉड्युलेटरचा समतोल वर्षांनुवर्षांत ढळतो. मॅन्युअलमध्ये त्याचे दोन ट्रिमर दाखवलेले असतात.

४० मीटरवर बोलताना लोअर साइडबँड लावतो. एफटी८ लाही?

नाही. सगळ्या बँडवर अप्परच.

वॉटरफॉल भरलेला दिसतोय, पण डीकोड एकही नाही.

दहातल्या नऊ वेळा संगणकाचं घड्याळ. ते एका सेकंदाच्या आत बरोबर हवं. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे आहे म्हणून काही अडत नाही, वेळक्षेत्र नीट निवडलेलं असलं की सॉफ्टवेअर यूटीसी स्वतः काढतं. प्रश्न सेकंदांचा असतो. मीनबर्गचा एनटीपी प्रोग्राम टाका. गडावर किंवा शेतावर इंटरनेट नसेल तर यूएसबीचा जीपीएस रिसीव्हर. एखाददुसरं डीकोड होत असेल तर ‘डीटी’चा (वेळेतल्या फरकाचा) रकाना बघा: सगळे आकडे एकाच बाजूला झुकलेले असतील तर चूक तुमच्या घड्याळाची.

दहावी वेळ म्हणजे चुकीचा साइडबँड.

ट्रान्समिट सुरू झालं की माउस उड्या मारतो, कधी साउंड कार्डच गायब होतं.

आरएफ यूएसबीत शिरतोय. यात खरी भीती अशी की कार्ड मध्येच हरवलं तर पीटीटी दाबलेलीच राहू शकते आणि व्हॉल्व्ह तापत राहतात. आवाक्यात एक खरा स्विच असू द्या. फ्लॅटमध्ये खिडकीतून काढलेली एंड-फेड (एका टोकाला जोडलेली) वायर असेल तर हे हमखास होतं, कारण अशा अँटेनाची परतीची वाट तुमच्या टेबलावरूनच जाते. कोअ‍ॅक्स खोलीत शिरते तिथे फेराइटच्या कड्यावर आठ-दहा वेढे घ्या, यूएसबी केबल आखूड करा आणि तिलाही फेराइट लावा. ३१ नंबरचं मिश्रण एचएफसाठी चांगलं.

ऐकताना संचाच्या एस-मीटरवर एस-७ चा गोंगाट आहे. संच बिघडलाय?

अँटेनाची वायर काढा. गोंगाट गेला तर संच निर्दोष. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा, मग घरातले एलईडी बल्ब, वाय-फायचा अ‍ॅडॉप्टर, इन्व्हर्टर एकेक बंद करा. सोसायटीतल्या लिफ्टचं काही करता येत नाही.

एफटी८ जमलं. याच जोडणीवर आणखी काय चालेल?

वायर तीच राहते, फक्त सॉफ्टवेअर बदलतं. एफएलडिजीवर पीएसके३१ आणि आरटीटीवाय, जेएस८कॉलवर टंकून गप्पा, एमएमएसएसटीव्हीवर चित्रं. गप्पांची हौस असेल त्यांना एफटी८ लवकर कोरडं वाटतं. त्यांनी पीएसके३१ कडे वळावं, तिथे अजून १४.०७० वर माणसं नावगाव विचारतात. पीएसके३१ मध्ये सूर सपाट नसतो, त्याची उंची बदलत असते, म्हणून एएलसीची शिस्त तिथे दुप्पट कडक.

एसएसटीव्हीचं (रेडिओवरून चित्रं पाठवण्याचं) मात्र जपून. स्कॉटी १ पद्धतीचं एक चित्र जवळपास ११० सेकंद सलग जातं, मध्ये श्वास नाही. तिथे आउटपुट २५ वॉटच्या खाली आणा, दोन चित्रांच्या मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. रोबॉट ३६ मध्ये चित्र थोडं भरड येतं, पण ३६ सेकंदांत आटोपतं. व्हॉल्व्हवाल्यांनी तेच धरावं.